लेखणी, चित्रफीत आणि आपली ज्ञाती

(विद्यार्थी गुणगौरव समारंभात, पुणे येथे केलेले भाषण)



आपल्या ह्या वार्षिक समारंभात व्याख्यात्याने विद्यार्थ्यांना उपदेशाच्या चार गोष्टी सांगाव्यात, विद्यार्थ्यांनी त्या शांतपणे ऐकून घ्याव्यात, आणि मग सर्वांनी अल्पोपाहाराकडे वळावे, अशी पद्धत पडून गेली आहे. आम्हीही ह्या व्यासपीठावरून ते काम पूर्वी दोनदा केले आहे. आज मात्र आमची अशी विनंती आहे की, विद्यार्थ्यांना ह्या वेळी उपदेशातून सूट मिळावी. आज जे बोलावयाचे आहे ते मुख्यतः आम्हां वडीलधाऱ्यांना उद्देशून आहे, आणि त्यात आम्ही स्वतःला वगळलेले नाही.

गेल्या वर्षी आपल्या विद्यार्थी शाखेने एक उपक्रम हाती घेतला, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. अकरावीपासून पदवीपर्यंतच्या मुलामुलींनी लहान लहान गट करावेत. प्रत्येक गटाने आपल्या समाजाच्या जीवनातील एकच प्रश्न निवडावा. त्यावर दोन पानांचे निवेदन लिहावे आणि पाच मिनिटांची एक चित्रफीत तयार करावी. आणि ही दोन्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवून आपली मागणी पटवून द्यावी, असा तो उपक्रम होता. एका गटाने वसतिगृहातील अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवण्याविषयी लिहिले. ती मागणी त्याच बैठकीत मान्य झाली आणि त्या गटाचे सर्वांनी कौतुक केले. दुसऱ्या एका गटाने आपल्या समाजातील विवाहांत होणारे देणेघेणे आणि मानपान हा विषय घेतला. त्या गटाचे निवेदन 'विचारार्थ' ठेवण्यात आले. 'विचारार्थ' ह्या शब्दाचा आपल्या दप्तरातील अर्थ काय होतो, हे जुन्या सभासदांना सांगावयास नको. ते निवेदन विचारार्थ ठेवावे अशी सूचना करणारे गृहस्थ आम्हीच होतो. आजचे भाषण त्या सूचनेविषयी आहे.

आपली कैफियत लिहून मांडावी आणि समाजाला पटवून द्यावी, ही विद्या ह्या शहराला नवी नाही. ती शाळकरी वयाच्या मुलांनी आचरावी, हेही नवे नाही. बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरासमोर भिडेवाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ साली तेथे मुलींची शाळा सुरू केली. ती जीर्ण वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरविण्यात आली. भिडेवाड्यानंतर फुले दांपत्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलामुलींसाठीही पुण्यात शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत शिकलेल्या विद्यार्थिनींपैकी मुक्ता साळवे ही एक. ती मातंग समाजातील. सुमारे चौदा वर्षांच्या वयात तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो 'ज्ञानोदय' पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला गेला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथे सुरू केलेले पत्र होय.

हा निबंध आपल्या मुलांनी वाचावा असे आम्हांला वाटतेच. परंतु त्याहून अधिक तो आपण वाचावा. तीन वर्षे शाळेत गेलेल्या मुलीचे भाबडे लेखन अशी समजूत करून घेऊन जो तो हाती घेईल, त्याला पहिल्याच परिच्छेदात आपली समजूत बदलावी लागेल. मुक्ता नुसते रडगाणे गात नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे ती प्रथम मान्य करून चालते. वेद वाचण्याचा अधिकार केवळ ब्राह्मणांचा, असे तुम्ही म्हणता ना, मग आम्हांला धर्मग्रंथच उरला नाही. आणि ज्यांना धर्मग्रंथ नाही त्यांनी कोणत्या धर्माप्रमाणे वागावे, हे तरी सांगा, असा तिच्या युक्तिवादाचा रोख आहे. न्यायालयात मुरलेल्या वकिलालाही हेवा वाटावा अशी ही मांडणी आहे.

दुसरे असे की, ती मोघम बोलत नाही. पेशवाईतील छळाविषयी सांगताना ती गुलटेकडीच्या मैदानाचे नाव घेते. आज आपण जेथे बाजार समितीत भाजीपाल्याचा आणि धान्याचा व्यवहार करतो तोच हा भाग. १८५५ मधील पुणेकर वाचकाला ते ठिकाण घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. पुढे ती आपल्या समाजातील बाळंतिणीचे वर्णन करते. डोक्यावर छप्पर नाही, थंडी आणि पाऊस अंगावर घेत मूल जन्माला घालावयाचे, आणि त्या अवस्थेत आजार झाला तर औषधाला पैसा नाही. हे वाचताना तर्काने न हलणारा माणूसही हलतो. आणि शेवटी ती आपल्या स्वतःच्या लोकांकडे वळते. ज्ञान हेच तुमच्या दुःखावरचे औषध आहे, ते घ्या, असे ती त्यांना कळवळून सांगते. तिने दोष देऊन हात झटकले नाहीत, आपल्या माणसांनाही एक काम सांगितले.

येथे आम्हांला एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. मुक्ताचे नाव आज आपण सभांतून गौरवाने घेतो. परंतु तिने ज्या व्यवस्थेविषयी लिहिले त्या व्यवस्थेची एक एक भिंत म्हणजे एक एक ज्ञाती होती. आपली ज्ञातीही त्या भिंतींपैकीच होती. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलताना हे विसरणे बरे नव्हे. आपल्या पूर्वजांनी ह्या संस्थेचे रूप शिष्यवृत्त्या, वसतिगृह आणि वाचनालय ह्यांकडे वळविले, म्हणूनच तिला आज अस्तित्वाचा अधिकार उरला आहे. ज्या दिवशी ती आपल्याच मुलांचे बोलणे दाबण्याचे साधन होईल, त्या दिवशी तो अधिकार संपेल.

मुक्ताच्या निबंधानंतर सत्तावीस वर्षांनी, १८८२ साली, हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले ह्यांनी आपले निवेदन सादर केले. सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी शेतकऱ्यांच्या श्रमांतून येतो आणि त्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे मात्र दुर्लक्ष होते, हा त्याचा गाभा होता. निवेदन कसे लिहावे, ह्याचा तो एक धडाच आहे: मागणी कोणाकडे आहे ते ठरलेले, प्रश्न नेमका, आणि काय करावे ह्याची स्पष्ट सूचना. आमच्या मुलांनी उपक्रमाच्या आरंभी हे दोन्ही लेख वाचले होते, असे त्यांच्या मार्गदर्शक शिक्षिकांकडून आम्हांला नंतर समजले. आम्ही मात्र त्यांचे निवेदन बाजूस ठेवण्यापूर्वी ह्यांपैकी काहीही वाचले नव्हते.

आता चित्रफितीकडे वळू. आपल्यापैकी काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की, लेखन ठीक आहे, परंतु हे चित्रीकरणाचे खूळ कशाला? त्यांना आम्ही एवढेच आठवण करून देतो की, ह्या बाबतीतही पुण्याची परंपरा जुनी आहे. कोल्हापुरास १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली. आपण ज्याला प्रभात रस्ता म्हणतो त्याचे नाव तिच्यावरूनच पडले, आणि तिच्या चित्रनगरीच्या जागेत १९६० साली केंद्र सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. ह्या प्रभातने १९३७ साली 'कुंकू' हा चित्रपट काढला. नारायण हरी आपटे ह्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवर तो आधारलेला होता आणि त्याचे दिग्दर्शन व्ही. शांताराम ह्यांनी केले होते. तरुण मुलीचे वृद्ध विधुराशी लावलेले लग्न, आणि ते लग्न मनाने न स्वीकारणारी नायिका, असा त्याचा विषय.

हा विषय मराठी रंगभूमीवर गोविंद बल्लाळ देवल ह्यांनी १८९९ साली 'संगीत शारदा' ह्या नाटकातून आणलाच होता. 'शारदे'मधला म्हातारा नवरदेव हसण्यासाठी आहे. त्याला हसून प्रेक्षक घरी जातो आणि तो म्हातारा म्हणजे आपण नव्हे, असे समाधान मानू शकतो. 'कुंकू'मधील काकासाहेब तसे नाहीत. ते वकील आहेत, प्रतिष्ठित आहेत, आणि त्यांच्या ठिकाणी सद्सद्विवेकही आहे. केशवराव दाते ह्यांनी ती भूमिका केली होती. आपल्या हातून काय घडले आहे हे त्यांना हळूहळू उमगत जाते, आणि फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांत स्वतःची अनेक प्रतिबिंबे पाहण्याचा जो प्रसंग आहे, तो पाहिलेला मनुष्य सहसा विसरत नाही. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, दाराचा आवाज, असे घरातलेच ध्वनी आहेत. त्यामुळे पडद्यावरचे घर आपलेच वाटू लागते.

ह्या तुलनेतून आमच्या मुलांनी जो नियम काढला तो त्यांच्या टिपणवहीत लिहिलेला आहे. ज्याला पटवावयाचे आहे त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये, आरशासमोर उभे करावे. पिंजऱ्यातला मनुष्य बचावाला लागतो. आरशासमोरच्या मनुष्याला बचाव करण्यास कोणी समोर नसते.

ह्या मुलांनी चित्रफीत कशी केली, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यांतील शिस्त आपल्या अनेक सभांना नाही. साधन म्हणजे घरातला मोबाइल. तो आडवा धरावयाचा आणि भिंतीला किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवावयाचा, म्हणजे चित्र हलत नाही. चित्र थोडे अंधुक असले तरी चालते, परंतु शब्द ऐकू आला नाही तर सर्व व्यर्थ. म्हणून पंखा बंद करावयाचा आणि बोलणाऱ्याच्या जवळ ध्वनी टिपण्यासाठी दुसरा मोबाइल ठेवावयाचा. ज्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे, तो विचारावयाचा नाही. 'हुंडा वाईट आहे ना?' असे विचारले की प्रत्येकजण होय म्हणतो आणि काहीच हाती लागत नाही. 'लग्नाचा हिशेब कोणी ठेवला होता?' असे विचारले की माणूस आठवू लागतो. ज्यांचे चित्रीकरण केले त्यांची आधी संमती घ्यावयाची, तयार झालेली फीत प्रथम त्यांनाच दाखवावयाची, आणि त्यांनी नको म्हटलेला भाग काढून टाकावयाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सभेपुढे येण्याआधी तिचा एकही तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवावयाचा नाही. कोणाची फजिती करणे सोपे आहे, तिला एक मिनिट पुरते. पटवून देण्यास वेळ लागतो.

आता त्या पाच मिनिटांविषयी. फितीत एक टेबल आहे आणि त्यावर दोन वह्या उघडून ठेवलेल्या आहेत. दोन्ही एकाच विवाहाच्या हिशेबाच्या. एक वरपक्षाची, दुसरी वधूपक्षाची. नावे झाकलेली आहेत. एक मुलगी शांत आवाजात नोंदी वाचते. वरपक्षाच्या वहीत 'आलेल्या भेटी' असे शीर्षक आहे आणि खाली फ्रीज, कपाट, सोन्याची साखळी, मानाच्या साड्या अशी यादी आहे. वधूपक्षाच्या वहीत त्याच वस्तू आहेत, परंतु शीर्षक निराळे आहे. तेथे 'पतपेढीचे कर्ज' असे लिहिले आहे आणि पुढच्या पानांवर हप्त्यांच्या तारखा आहेत. हप्ते अनेक वर्षे चालू आहेत. आणि एक मोठी रक्कम अशी आहे की तिच्यापुढे केवळ 'किरकोळ' एवढाच शब्द आहे. फितीत ह्यावर काहीही भाष्य नाही. वाचणारी मुलगी त्या शब्दापाशी थांबते आणि पान उलटते.

ती फीत कार्यकारी मंडळापुढे दाखविली गेली तेव्हा आम्ही पहिल्या रांगेत होतो. पहिल्या वहीतील अक्षर आमचे होते. ती आमच्या चिरंजीवांच्या विवाहाची वही होती. दुसरी वही आमच्या व्याह्यांची. ते आता हयात नाहीत. ती त्यांच्या लेकीने, म्हणजे आमच्या सूनबाईंनी, आपल्या ट्रंकेत जपून ठेवलेली होती. आणि वाचणारा आवाज आमच्या नातीचा होता.

त्या विवाहाच्या वेळी आम्ही मोठ्या अभिमानाने सर्वांना सांगितले होते की, आम्ही काहीही मागितले नाही. ते खरेच होते. आम्ही मागितले नाही. बैठकीत घरातील वडील मंडळींनी 'तुमच्या मुलीला जे द्याल ते' असे म्हटले, आणि आम्ही मान हलविली. ह्या सभागृहातील किती घरांत नेमके हेच वाक्य उच्चारले गेले असेल, ह्याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा. त्या वाक्याची किंमत पतपेढीच्या हप्त्यांत कोणीतरी फेडत असतो, हे आम्हांला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. कारण दुसरी वही आम्ही कधी पाहिलीच नव्हती, आणि पाहण्याची इच्छाही धरली नव्हती.

बैठकीत आम्ही म्हणालो, "विषय चांगला आहे, परंतु घरगुती गोष्टी अशा चव्हाट्यावर आणणे योग्य नाही. हे निवेदन विचारार्थ ठेवावे." घरी परतताना आम्ही नातीला रागावून विचारले की, आजोबांची वही दाखविताना तुला काही वाटले नाही? ती म्हणाली, "आबा, त्यात तुमचे नाव कुठे आहे? तुम्हीच ओळखलंत." पुढे ती असेही म्हणाली की, वही घेण्याआधी तिने आमची परवानगी मागितली होती, आणि आम्ही वर्तमानपत्रातून डोके वर न काढता 'घे' असे म्हटले होते. तेही खरेच होते.

बंधुभगिनींनो, आमची ही हकीकत आम्ही क्षमायाचनेसाठी सांगत नाही. ती सांगण्याचे कारण असे की, मुलांनी जी मागणी केली आहे ती किती साधी आहे आणि आम्ही ती का टाळली, हे आपणांस कळावे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. त्याप्रमाणे हुंडा घेणे आणि देणे हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि शिक्षा सामान्यतः किमान पाच वर्षे कैद आणि पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याची किंमत ह्यांतील जी रक्कम अधिक असेल त्याहून कमी नसलेला दंड, अशी आहे. मागणी न करता दिलेल्या भेटी कायदा निषिद्ध मानीत नाही. परंतु त्या यादीत नोंदवाव्या लागतात, आणि वधूपक्षाकडून दिलेल्या भेटी रूढीला धरून आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने बेताच्या असाव्या लागतात. ही यादी कशी ठेवावी, ह्याचे नियम १९८५ सालीच झालेले आहेत. भेटवस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, वधू किंवा वराशी त्याचे नाते, आणि खाली वधूवरांच्या सह्या. एवढ्या वर्षांत आपल्या समाजातील शेकडो मंगलकार्यांस आम्ही उपस्थित राहिलो. अक्षता, पत्रिका, आहेराची पाकिटे, सर्व काही पाहिले. अशी यादी मात्र आम्ही एकदाही पाहिली नाही.

मुलांच्या मागण्या तीन आहेत. पहिली अशी की, आपल्या मंडळाने ही यादी सोप्या मराठीत छापावी, आणि ज्या कुटुंबातील विवाह आपल्या कार्यालयात ठरेल त्याला तिच्या दोन प्रती द्याव्यात. दुसरी अशी की, वधूवर सूचीच्या अर्जातील 'अपेक्षा' ह्या रकान्याखाली, देणेघेणे व मानपान नको असल्यास तसे लिहून दोन्ही पालकांनी सही करण्यासाठी एक ओळ असावी. तिसरी अशी की, ह्या विषयावर निदान एकदा सर्वसाधारण सभेत चर्चा व्हावी आणि तीत विद्यार्थी प्रतिनिधींना बोलू द्यावे. आपण पाहाल की, ह्यांत कोणालाही शिक्षा करण्याची मागणी नाही. कोणाला वाळीत टाकावे, कोणाच्या घरच्या कार्यास जाऊ नये, असा एक शब्दही त्यांत नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. ज्ञातीच्या हाती पूर्वी पटवून देण्याचे एकच साधन असे, ते म्हणजे बहिष्काराचे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला आणि तो २०१७ पासून अंमलात आला. आपल्या शेजारी पिंपरीत ह्याच सुमारास जे घडले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. कंजारभाट समाजातील काही सुशिक्षित तरुणतरुणींनी नववधूच्या कौमार्य चाचणीच्या प्रथेविरुद्ध आवाज उठविला. त्यांच्यात विद्यार्थीही होते. त्यांनी व्हॉट्सॲपवर गट केला, लेख लिहिले, उघडपणे मुलाखती दिल्या. २०१८ च्या जानेवारीत त्यांच्यापैकी काहींना एका विवाहप्रसंगी मारहाण झाली. तरी त्यांनी माघार घेतली नाही, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानण्यात येईल, असे राज्य शासनाने जाहीर केले. ह्या बातम्या वाचताना आपण मनात म्हटले असेल की, बरे झाले, आपल्या समाजात असे काही नाही. आम्हीही तसेच म्हटले होते. आता वाटते की, त्या मुलांवर हात उगारणाऱ्या मनुष्यात आणि निवेदन 'विचारार्थ' ठेवणाऱ्या मनुष्यात रीतीचा फरक मोठा आहे, परंतु हेतू एकच आहे: बोलणे थांबवावे.

हुंड्याचा प्रश्न जुना झाला, असेही कोणी म्हणू नये. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यालगतच्या मुळशी तालुक्यात एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला आणि हुंड्यासाठी छळ झाल्याच्या आरोपाने सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर विवाहांतील देणेघेणे आणि खर्च ह्यांवर मर्यादा घालण्याची चर्चा समाजासमाजांतून सुरू झाली. अशा प्रसंगी ठराव होतात, शपथा घेतल्या जातात, आणि पुढच्या लग्नसराईत सर्व विसरले जाते. आमच्या मुलांनी ठराव मागितलेला नाही. त्यांनी एक छापील कागद मागितला आहे. ठराव टाळ्यांनी मंजूर होतो. कागदावर मात्र सही करावी लागते, आणि सही करताना हात थबकतो. तो थबकावा, एवढीच त्यांची इच्छा आहे.

आता विद्यार्थ्यांसाठी दोनच शब्द. कारण त्यांना अगदीच मोकळे सोडणे आम्हां वृद्धांना जमत नाही. तुमच्या निवेदनात आम्हांला एक दोष दिसला. वधूपक्षाची बाजू तुम्ही कळकळीने मांडली, परंतु देणारा पिता अनेकदा स्वतःच्या प्रतिष्ठेसाठीही देतो, ह्याचा तुम्ही उल्लेख केला नाही. आमचे व्याही मानी होते. त्यांनी कर्ज काढले ते आमच्या भयाने, आणि काही अंशी त्यांच्या भाऊबंदांनी हसू नये म्हणूनही. मुक्ता साळवे आपल्या लोकांनाही चार शब्द सुनावते, हे तुम्ही वाचले आहे. पुढील मसुद्यात ती बाजू घाला. त्याने तुमची मागणी दुबळी होणार नाही. आणि पहिल्या खेपेस नकार मिळाला म्हणून खचू नका. ज्याला पटले आहे तो मनुष्यही लगेच 'पटले' असे म्हणत नाही. आम्हांला आठ महिने लागले.

अध्यक्षमहाराज, आम्ही ह्या व्यासपीठावरून आमची त्या दिवशीची सूचना मागे घेत आहोत. ते निवेदन येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे आणि ती चित्रफीत सर्व सभासदांना दाखवावी, अशी आमची लेखी विनंती आम्ही चिटणीसांच्या स्वाधीन केली आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी अवश्य विरोध करावा, परंतु तो सभेत उभे राहून, मुलांचे ऐकून घेऊन करावा. फितीत दाखविलेली पहिली वही आमची आहे, हे आता आपणांस कळले आहेच. तिच्यावरची झाकलेली नावे उघडी करण्यास आमची हरकत नाही. मात्र दुसऱ्या वहीवरचे नाव उघडावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आमच्या सूनबाईंचा आहे, आणि त्या जे ठरवितील ते आम्हांला मान्य राहील.

आमच्या नातीचा विवाह यथावकाश होईल, तेव्हा आपण सर्वांनी यावे. पत्रिका साधी असेल. मांडवात शिरताना उजव्या हाताला एका टेबलावर यादीचा कागद आणि एक पेन ठेवलेले असेल. आपण काही आणले तर त्यावर लिहावे. न आणले तर आम्हांला अधिक आनंद होईल.